एकच चीज, दोन गिटारी: जॉन मॅकलॉफ्लिन आणि जेफ बेक

तारेवरचा (ठाणे)

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘रॉकवाले काळजातून वाजवतात, फ्यूजनवाले (म्हणजे जॅझ आणि रॉक मिसळून वाजवणारे) डोक्यातून.’ खाली ‘सहमत’, ‘+१’ अशी रांग लागली. मला ते वाक्य तेव्हापासून टोचतंय. वीसेक वर्षं मी दोन्ही प्रकारचं ऐकतोय, कामावरून आल्यावर तासभर वाजवतोही. फरक आहे, चांगला मोठा आहे, पण तो काळीज आणि डोकं असा नाही. मला तो एका चिजेत सापडला, म्हणून हा धागा.

चार्ल्स मिंगस हा जॅझमधला थोर बेसवादक. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग १९५९ साली वारला. त्याच्या आठवणीत मिंगसने त्याच वर्षी ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही धून बांधली. लेस्टर यंग बसक्या माथ्याची तशी हॅट घालायचा, त्यावरून हे नाव. मुळात ब्लूजच, पण खालच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे जुडगे) साध्या ब्लूजपेक्षा फार वळणावळणाच्या. आणि चाल इतकी गाती की सकाळी ऐकली तर संध्याकाळपर्यंत ओठांवर राहते.

ही धून मॅकलॉफ्लिनने १९७१ च्या ‘माय गोल्स बियाँड’वर वाजवली आणि बेकने १९७६ च्या ‘वायर्ड’वर. दोघंही इंग्लंडचे, वयात जेमतेम अडीच वर्षांचं अंतर. फ्यूजनवाला मॅकलॉफ्लिन १९६९ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि पोचल्या पोचल्या जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’वर वाजवून बसला. बेक यार्डबर्ड्स या बँडमधून रॉकचा गिटारिस्ट म्हणून पुढे आला. दोन्ही ध्वनिमुद्रणं हेडफोन लावून लागोपाठ ऐका.

मॅकलॉफ्लिनच्या हातात अकूस्टिक आहे, पोलादी तारांची. साथीची गिटारही त्याचीच, आधी वाजवून ठेवलेली. अकूस्टिकची तार छेडली की आवाज टपकन उभा राहतो आणि त्याच क्षणापासून विझायला लागतो. तो स्वर वादकाच्या ताब्यात फार वेळ राहतच नाही. म्हणून त्याचं सगळं लक्ष इथून पुढे कुठे जायचं याकडे. खालची कॉर्ड बदलली की त्याची ओळ तिच्याबरोबर वळते. मधल्या मोकळ्या जागेत तो अचानक एक लांब तान टाकतो आणि तिचा शेवटचा स्वर पुढच्या कॉर्डवर नेमका येऊन बसतो. तानेतला दाणा न् दाणा वेगळा ऐकू येतो.

बेककडे इलेक्ट्रिक आहे आणि आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प चांगला तापवलेला. अ‍ॅम्पला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की लाटेचे माथे कापले जातात. त्यामुळे नुकताच छेडलेला स्वर आणि विझत आलेला स्वर यांच्या आवाजात फारसा फरक उरत नाही, आणि स्वर टिकतो. दोन-दोन, तीन-तीन सेकंद टिकतो. मग वादकापुढे निराळाच प्रश्न येतो, की हा टिकलेला स्वर घेऊन आता करायचं काय? बेक त्याला खालून उचलतो, जागेच्या किंचित अलीकडे रोखून धरतो, मग पोचवतो. पोचल्यावर लगेच हलवत नाही, जरा सरळ ठेवतो आणि नंतर हळूहळू कंप देतो. एका स्वरात एवढं सगळं.

माझं म्हणणं एवढंच, की रॉकचा वादक प्रामुख्याने स्वराच्या पोटात काम करतो, फ्यूजनचा वादक दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर. डोकं दोघांनाही लागतं आणि काळीजही.

सध्या या धुनेची पहिली ओळ दोन्ही पद्धतींनी बसवतोय. मॅकलॉफ्लिनची पद्धत पंधरा दिवसांत निदान कळायला लागली. बेकची तार वाकवायची ती जागा अजून बसत नाही. आधी नुसता वरचा स्वर वाजवून कानात घेतो, मग दोन फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या) खाली येऊन अनामिकेने तार वर ढकलतो, मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकूला. स्वर जवळपास येतो. त्या ‘जवळपास’मध्येच सगळं अडलंय. बोटाच्या पेरावर तारेची खाच पडेपर्यंत वीस मिनिटं तेच करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

ठेका_सांगली

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी तबल्याचा माणूस, गिटारमधलं मला कळत नाही, पण मॅकलॉफ्लिनकडे मी लयीच्या दारातून आलो.

त्याच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचं ‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३) लावा. सुरुवातीला घंटेचे घाव, मग गिटारची एक फिरती आकृती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी स्वरांची नक्षी, सुरू होते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा सम कुठे आहे तेच सापडेना. बोटांवर मोजत बसलो. अठरा मात्रांचं आवर्तन. एकदा अठरा धरले की व्हायोलिन आणि गिटारची चाल त्यावर कशी पसरलीय ते दिसायला लागतं, आणि बिली कॉबहॅम ड्रमवर त्या अठरांचे किती तऱ्हांनी तुकडे करतो तेही. ‘डान्स ऑफ माया’ दहाच्या हिशोबात चालतो. मी तिथे झपताल धरून बघितला, दोन-तीन-दोन-तीन काही जुळेना, विभागच वेगळे. आणि त्याच दहाच्या हिशोबावर मध्येच चक्क ब्लूज सुरू होतो! मी तो भाग त्या दिवशी सहा-सात वेळा तरी ऐकला असेन.

आपल्याकडे गवई लयीशी खेळून समेवर येतो तेव्हा सगळी मैफल मान हलवते. तो आनंद मला फ्यूजनमध्ये मिळतो, बहुतेक रॉकमध्ये मिळत नाही. रॉकमध्ये चार मात्रांचा पक्का ओटा असतो. त्याचा उपयोग नाही असं नाही म्हणत मी. ओटा पक्का आहे म्हणूनच वरचा माणूस स्वरावर तीन सेकंद निवांत बसू शकतो. अठरा मात्रा पायाखालून सरकत असताना तसं बसणं फार अवघड. तुमच्या मुद्द्याला ही माझी पुरवणी समजा.

आणखी एक. मॅकलॉफ्लिन कोन्नकोल शिकलेला आहे, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या तालाचे बोल तोंडाने म्हणायची विद्या. कंजिरावादक सेल्वागणेशबरोबर त्याने त्यावर शिकवणीची डीव्हीडीही काढली आहे. जो माणूस बोल म्हणतो त्याचा हात वेगळाच पडतो, हे कुठलाही तबलजी सांगेल.

रॉकर_कोथरूड

ते मूळ वाक्य माझंच होतं, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

लिखाण आवडलं, पण मुद्दा सोडत नाही. तारेवरचा, तुम्ही मॅकलॉफ्लिनची सगळ्यात गाती चीज निवडलीत. फ्यूजनचा गिटारिस्ट अल डि मिओला घ्या ना. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पियानोवादक चिक कोरियाच्या ‘रिटर्न टू फॉरेव्हर’ या बँडमध्ये गेला, हात विजेसारखा, उजव्या तळव्याने तारा दाबून एकेक स्वर खिळ्यासारखा ठोकतो. थक्क होतो मी. पण गाणं बंद केल्यावर त्यातलं काय आठवतं? उलट रॉकच्या जिमी हेंड्रिक्सचं ‘मशीन गन’ घ्या, १९७० च्या पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टला वाजवलेलं. त्यात एक स्वर येतो, लांबलचक, अ‍ॅम्पच्या फीडबॅकवर (स्पीकरचा आवाज तारेत परत शिरून होणाऱ्या घुमाऱ्यावर) तोललेला. तो एक स्वर मी पंधरा वर्षं विसरलो नाही. वेग बघून थक्क होणं वेगळं आणि आतून हलणं वेगळं. बस, माझं एवढंच म्हणणं आहे.

तारेवरचा (ठाणे)

@रॉकर_कोथरूड, ‘मशीन गन’बद्दल शंभर टक्के सहमत. तो स्वर मलाही आत्ता लिहिताना ऐकू येतोय.

डि मिओलाबद्दल नाही. ५ डिसेंबर १९८० ची सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरमधली ती मैफल पुन्हा ऐका. डि मिओला, मॅकलॉफ्लिन आणि स्पेनचा फ्लेमेंकोवाला पाको दे लुसिया, तिघांकडे अकूस्टिक, ना ड्रम ना बेस. ‘मेडिटरेनियन सनडान्स’मध्ये डि मिओला आणि पाको एकमेकांना जागा देतात, एक वाजवतो तेव्हा दुसरा त्याला उचलून धरतो. मध्येच श्रोते ओरडतात ते वेगाला नाही, त्या देण्याघेण्याला. सवाल-जवाब आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

आणि तुमच्या बाजूचा माणूस माझ्या बाजूला आणून दाखवतो. बिली कॉबहॅमचा ‘स्पेक्ट्रम’, १९७३. कॉबहॅम तेव्हा मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचा ड्रमर, कीबोर्डवर तिथलाच यान हॅमर. आणि गिटारवर त्याने कुणाला घेतलं? टॉमी बोलिनला, अस्सल रॉकच्या पोराला. हा बोलिन पुढे १९७५ मध्ये डीप पर्पल या रॉक बँडमध्ये रिची ब्लॅकमोरच्या जागी गेला आणि १९७६ च्या डिसेंबरात, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, वारला. ‘स्ट्रेटस’मध्ये बघा. कॉबहॅम आणि बेस यांनी एक ठेका धरलाय, तो मिनिटामागून मिनिटं हलत नाही, आणि वर बोलिन जॅझवाल्यांसारखं वाजवायचा प्रयत्नसुद्धा करत नाही. आपल्याच भाषेत बोलतो. वाकवलेल्या तारा, रखरखीत आवाज. गंमत म्हणजे शेजारी हॅमर सिंथवर चाक फिरवून स्वर वाकवतोय, म्हणजे कीबोर्डवाला गिटारची बोली शिकतोय. कोण कुणाकडून शिकलं ते सांगता येणार नाही इतकी ती सरमिसळ झाली आहे.

‘स्पेक्ट्रम’ने बेक झपाटला होता. १९७५ मध्ये तो महाविष्णू ऑर्केस्ट्राबरोबर दौऱ्यावर गेला, ‘वायर्ड’साठी हॅमरला बोलावलं, आणि २००७ मध्ये लंडनला रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये वाजवलं तेव्हाही ‘स्ट्रेटस’ त्याच्या यादीत होतंच. म्हणूनच मी बेकला या सगळ्याची किल्ली मानतो. त्याने जॅझची व्याकरणं पाठ केली नाहीत. आपला लगाव, म्हणजे स्वर लावायची आपली रीत, घेऊन तो त्या लोकांच्या पंगतीत जाऊन बसला.

सावनी_डोंबिवली

लगाव हा शब्द वाचला आणि लिहायचं धाडस केलं. मी ख्याल शिकते, गिटार कधी हातात धरलेली नाही. भावामुळे बेक ऐकला.

तारेवरचा दादा, तुम्ही ‘नादिया’ ऐकलंय ना? ब्रिटनमधला संगीतकार नितीन सॉनीच्या १९९९ च्या ‘बियाँड स्किन’मधलं. मूळ गाणं स्वाती नाटेकर यांनी गायलंय. बेकने २००१ च्या ‘यू हॅड इट कमिंग’वर ते गिटारवर घेतलं. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकते, तुम्ही ती मिंगसची चीज ऐकता तशी.

स्वातीताईंचा आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा मोकळी सोडत नाही, मींडेने जातो, आणि ओळ संपताना एक छोटी मुरकी येते, इतकी हलकी की लक्ष नसेल तर निसटते. आता गिटारवर फ्रेट आहेत. म्हणजे स्वरांच्या जागा आधीच कापून ठेवलेल्या, हार्मोनियमसारख्या. माझ्या गुरू हार्मोनियमबद्दल नेहमी सांगतात की तिच्यात दोन स्वरांच्या मधलं अंगण नसतं, दारं तेवढी असतात. मग या माणसाने ते अंगण आणलं कुठून? त्याला आपलं गाणं कुणी बसून शिकवलं होतं का मला माहीत नाही, पण कान आमच्या वर्गातल्या कितीतरी जणींपेक्षा तयार आहे. मुरकीच्या जागी त्याने मुरकीच घेतलीय, तान नाही टाकली. मोह झाला असणार. आवरला.

आणि आणखी एक विचारायचं होतं. शब्द नाहीत तरी मला त्यात ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ असे स्वर बदलल्यासारखे ऐकू येतात. हे कशाने होतं?

तारेवरचा (ठाणे)

सावनी, अंगण आणि दारं हे मी वहीत उतरवून घेतलंय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर बेकच्या उजव्या हातात आहे. ऐंशीच्या दशकापासून त्याने पिक (तार छेडायची छोटी चकती) जवळजवळ सोडलंच. अंगठ्याने आणि बोटांनी तार छेडायची. त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर व्हॉल्यूमची चावी तारांच्या अगदी लगत असते, ती करंगळीने फिरवता येते. आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग चावी उघडायची. टंकार ऐकूच येत नाही, स्वर श्वासासारखा उगवतो. त्याच हातात ट्रेमोलोचा दांडा, तो दाबला की सगळ्या तारा ढिल्या होतात, उचलला की ताणतात, त्याच्या हलक्या दाबाने मींड आणि कण. म्हणजे छेडणं, आवाज उघडणं-मिटणं आणि स्वर हलवणं ही तिन्ही कामं एकच हात एकाच वेळी करतो. अंगठा तार कुठे छेडतो, पुलाजवळ (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) की मानेजवळ, त्यावर आवाज उजळ होतो की गोल, हे ठरतं. तुला ऐकू येणारे ‘आ’ आणि ‘ऊ’ तिथून येतात.

१९८९ चं ‘व्हेअर वेअर यू’ ऐक. बल्गेरियातल्या बायकांच्या समूहगायनाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या वाटेला गेला. जवळजवळ अख्खी चाल त्या दांड्यावर गायली आहे.

हॅमर_ऑन (न्यू जर्सी)

चर्चा छान रंगलीय. पण अ‍ॅलन होल्ड्सवर्थचं नाव अजून कसं आलं नाही? त्याच्याशिवाय रॉक आणि फ्यूजन ही तुलना अपुरी.

हा गिटारिस्ट इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा, १९४६ चा जन्म, २०१७ ला गेला. त्याला मुळात सॅक्सोफोन वाजवायचा होता, हाती गिटार आली. आता सॅक्सोफोनवाला एका फुंकेत वीस स्वर घेतो, प्रत्येक स्वराला वेगळी ठोकर देत नाही. ते गिटारवर आणायचं तर पिकचा आवाज काढून टाकायला हवा. म्हणून तो तार एकदाच छेडतो आणि पुढचे सगळे स्वर डाव्या हाताची बोटं आपटून काढतो. आपण सगळे उतरताना बोट तारेवरून जरा ओढून काढतो, त्याला पुल-ऑफ म्हणतात, त्याने तार क्षणभर वाकडी होते आणि मांजरासारखा आवाज येतो. त्याला तो नको होता. तो बोट सरळ वर उचलायचा. मी हे करून बघितलंय. पहिल्या दिवशी अर्धे स्वर गायब होते.

बोटांचा ताणही विलक्षण. आपण चार फ्रेटमध्ये बसवतो तिथे तो सहा-सात फ्रेट व्यापतो. आणि कॉर्ड वाजवताना पायाखालच्या पेडलने छेडण्याचा आवाज झाकून टाकतो, धुक्यातून डोंगर दिसावा तशा त्या कॉर्ड येतात. ‘मेटल फटीग’ (१९८५) मधलं काहीही ऐका.

आता रॉकच्या बाजूला एडी व्हॅन हेलन. ‘इरप्शन’ १९७८ चं, एक मिनिट बेचाळीस सेकंदांचं. शेवटी उजव्या हाताचं बोट फ्रेटवर आपटून जे केलंय त्याने एका पिढीचे हात बदलले. दोघंही पिकशिवाय सलग स्वर काढताहेत, पण कशासाठी ते बघा. एडीची ती आकृती उघड आहे, पहिल्या ऐकण्यात कळते, अंगावर काटा येतो. होल्ड्सवर्थची ओळ पुढे काय करेल याचा अंदाज दहाव्यांदाही येत नाही. एडीला होल्ड्सवर्थबद्दल अतोनात आदर. १९८३ च्या ‘रोड गेम्स’साठी वॉर्नर ब्रदर्सकडे त्यानेच शब्द टाकला होता. एवढ्या मोठ्या स्टारने हे केलं याचं मला फार अप्रूप आहे.

मडगावकर

मी तीस वर्षं हॉटेलात आणि लग्नात वाजवलं, आता बोटं दुखतात म्हणून शिकवतो. एक साधी गोष्ट तुम्ही सगळे गृहीत धरून चाललात, ती नवीन मुलांसाठी सांगतो.

रॉकच्या सोलोखाली (एकट्याच्या वादनाखाली) पुष्कळदा एक किंवा दोन-तीन जवळच्या कॉर्ड असतात. पाच स्वरांची पेंटॅटोनिक पट्टी घेतली की शेवटपर्यंत चुकीचा स्वर लागत नाही. म्हणून मन मोकळं राहतं आणि स्वर कसा लावायचा त्यावर बसतं. जॅझमध्ये कॉर्ड दर दोन-चार मात्रांनी बदलते. आत्ता गोड लागलेला स्वर पुढच्या कॉर्डवर दाताखाली खडा आल्यासारखा लागतो. म्हणून वादकाला चार पावलं पुढे बघून चालावं लागतं. त्याला तुम्ही डोक्याने वाजवणं म्हणता. आमच्या वेळी हॉटेलात जुनी जॅझची गाणी वाजवावी लागत, तिथे मी पेंटॅटोनिक घेऊन गेलो आणि पहिल्याच रात्री पियानोवर बसलेल्या म्हाताऱ्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी जाऊन बसलो. सहा महिने मला त्यांनी सोलो वाजवू दिला नाही, फक्त प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर शोधायला लावलं. आज मुलांना मी तेच करायला लावतो.

गोव्याच्या वादकांना हे सोपं गेलं कारण पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत सोल्फेजो (स्वरांची नावं घेत नोटेशन गायची विद्या) शिकवत. ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटसारखी माणसं त्यातूनच मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायला गेली आणि दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदांत. नोटेशन वाचायची सवय होती, कान होता, लाज नव्हती.

दोन्ही थडी जोडणारा माणूस विचाराल तर मी कार्लोस सान्तानाचं नाव घेईन. १९७३ मध्ये मॅकलॉफ्लिनबरोबर त्याने ‘लव्ह डिव्होशन सरेंडर’ केलं, जॅझचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चिजा घेऊन. दोघं एकाच गुरूचे, श्री चिन्मय यांचे शिष्य. त्यात मॅकलॉफ्लिन धबधब्यासारखा कोसळतो आणि सान्ताना एक स्वर धरून उभा राहतो. कोण कोण ते ओळखायला कव्हर वाचावं लागत नाही.

ठेका_सांगली

मडगावकर काका, मनापासून नमस्कार. मॅकलॉफ्लिनच्या ‘शक्ती’ या भारतीय वादकांबरोबरच्या बँडबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा त्या काळच्या सगळ्यात कर्कश बँडपैकी एक. त्यात दोन मानांची गिब्सन गिटार घेऊन उभा राहणारा माणूस १९७५ मध्ये सगळं बंद करतो आणि जमिनीवर मांडी घालून बसतो, बाजूला तबल्यावर झाकीरभाई (झाकीर हुसेन), व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम. त्याआधी तो अमेरिकेत एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला होता. ‘शक्ती’साठी त्याने गिटार बनवून घेतली, तिला सात तरफेच्या (न छेडता आपोआप घुमणाऱ्या) तारा आडव्या, आणि फ्रेटच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तार दाबून वीणेसारखा गमक घेता यावा. सावनीताई, तुमचं अंगण इथे सुताराने करून दिलंय!

झाकीरभाईंचं बालपण माहीमचं. शोभा गुर्टूंचा मुलगा, तालवादक त्रिलोकही मुंबईचाच, तो १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मॅकलॉफ्लिनबरोबर होता, ते ध्वनिमुद्रण आहे. डिसेंबर २००० मध्ये तर ‘रिमेंबर शक्ती’ची (नव्याने जमलेल्या शक्तीची) अख्खी ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ इथेच झाली. त्यात शिवकुमारजींबरोबरचं ‘श्रृंगार’ ऐका. मॅकलॉफ्लिन संतूरला जागा देऊन किती वेळ गप्प बसतो ते बघा.

जेफ बेक १० जानेवारी २०२३ ला गेला. त्याच महिन्यात शक्तीचा मुंबईत कार्यक्रम होता, मी सांगलीहून रात्रीच्या गाडीने गेलो होतो. मॅकलॉफ्लिन एक्क्याऐंशीचा, ताठ उभा, हातात वेग अजून तसाच. पण एका ठिकाणी झाकीरभाईंनी लय सोडून नुसती डग्ग्यावर मींड घेतली, घुमारा लांबवला, आणि मॅकलॉफ्लिनने एकच स्वर लावून तो तसाच विझू दिला. पुढच्या वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले. मला त्या संध्याकाळचा तो एक स्वर आणि तो घुमारा आठवतो, बाकी ताना सगळ्या विसरलो.

रॉकर_कोथरूड

ठेका, वाचून घसा दाटला.

काल रात्री दोन्ही ‘पोर्क पाय हॅट’ ऐकली, दिवे घालवून. मॅकलॉफ्लिनच्या त्या लांब तानेनंतर तो जिथे थांबतो, तिथे मला जे झालं ते हेंड्रिक्सच्या स्वराला होतं तेच. माझं वाक्य मागे घेतो. मेटलमधले निव्वळ वेगवाले आणि फ्यूजनमधले निव्वळ वेगवाले यांच्याबद्दल मात्र अजून तसंच म्हणेन.

नवशिका_नाशिक

मी अकरावीत आहे, वर्षभर गिटार शिकतोय. सगळं वाचलं, निम्मं कळलं. मला दोन्ही बाजूंचं वाजवायचंय. सुरुवात कुठून करू? ‘बर्ड्स ऑफ फायर’ लावून बघितलं, घाबरलो.

मडगावकर

बाबा, त्याच बँडचं ‘यू नो यू नो’ काढ, ‘द इनर माउंटिंग फ्लेम’मधलं, १९७१ चं. गिटारची आकृती सावकाश आहे, मध्ये भरपूर शांतता. सगळा दंगा कॉबहॅम करतो. तू फक्त ती आकृती वाजवायची आणि शांततेत पाय हलू द्यायचा नाही, मनात मोजायचं. रॉकच्या बाजूने बेकचं ‘कॉज वी हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स’. १९७५ च्या ‘ब्लो बाय ब्लो’वर आहे. चाल स्टीव्ही वंडरची. पहिल्या चार ओळी आधी तोंडाने म्हण. म्हणता आल्या की मगच गिटार उचल.

हॅमर_ऑन (न्यू जर्सी)

+१. त्या मुद्रणात बेककडे टेलिकास्टर गिटार होती, सीमूर डंकनने गिब्सनचे पिकअप (तारेचा आवाज टिपणारे चुंबक) बसवून दिलेली. तेव्हा स्ट्रॅटोकास्टर नाही म्हणून अडून बसू नकोस.

नवशिका_नाशिक

मडगावकर काका, चार दिवस ओळी तोंडाने म्हटल्या, आज वाजवायला घेतलं. दुसऱ्या ओळीत तार वाकवताना पहिली तार तुटली. दुकानात जायचंय. नऊची घेऊ की दहाची (म्हणजे इंचाचा नऊ हजारांश जाडीची की दहा)? सर म्हणतात नऊची मऊ असते.

मडगावकर

नऊची घे. बोट दुखायचं थांबलं की दोन-तीन महिन्यांनी दहाचा संच लाव, स्वर जरा भरीव येतो. आणि पुलावर तार जिथे टेकते तिथे बोट फिरवून बघ, कंगोरा लागला तर बारीक पॉलिश पेपर हलकेच मार. तार बहुतेक तिथेच तुटली असणार.

तारेवरचा (ठाणे)

नवीन तार लावल्यावर दोन्ही बाजूंनी हाताने ताणून घे, सुरात लाव, पुन्हा ताण, पुन्हा लाव. चार-पाच वेळा केलंस की उतरायची थांबते. मग दुसरी ओळ कशी येते ते इथेच कळव. मीही माझी पहिलीच ओळ अजून घासतोय.